नववीचा रिझल्ट, बेचाळीस शेरे आणि उरलेले पंधरा दिवस

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: इंदूरच्या एका सीबीएसई शाळेत तुम्ही यंदा पहिल्यांदाच नववीच्या क्लास टीचर झालात. वर्गात बेचाळीस मुलं. वार्षिक परीक्षा संपत आलीय, महिनाअखेरीस रिझल्ट, आणि त्याआधी बेचाळीस जणांचे शेरे भरून द्यायचेत. एक मुलगा गणितात आणि एक मुलगी गणित-विज्ञान दोन्हींत अडकणार असं दिसतंय. मुलाचे वडील आत्तापासूनच "जरा बघा ना मॅडम" म्हणून फोन करतायत. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की वर्ष हातातून निसटून गेल्यासारखं वाटतंय, शेवटच्या दिवशी मुलांशी काय बोलू तेच सुचत नाही.

भाषणाचं आधी संपवते. शेवटच्या दिवशी मुलांना भाषण नको असतं. त्यांचं सगळं लक्ष मार्कर कुणाच्या दप्तरात आहे याकडे असतं. त्या मार्करबद्दल पुढे लिहितेच. मला तुमची खरी अडचण शेऱ्यांत दिसते. शेरे लिहायला बसल्यावर तुमच्या लक्षात आलं असणार की पहिल्या आठ-दहा मुलांबद्दल भरभरून लिहिता येतं, दंगेखोर पाच-सहांबद्दल त्याहून जास्त, पण मधल्या वीस-पंचवीस मुलांबद्दल आपल्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही. वर्ष निसटलं असं वाटतं ते त्यामुळे. पोर्शन तर पूर्ण झालाय, टेस्ट झाल्या, वह्या तपासून झाल्या, म्हणजे कामात तुमची कसूर नाही. फक्त हे सगळं वर्गाच्या नावावर झालं, एकेका मुलाच्या नावावर फारसं जमा झालं नाही. पहिल्या वर्षी बहुतेकांचं असंच होतं. पंधरा दिवसांत यातलं बरंच भरून काढता येतं.

मी इंदूरलाच नववी-दहावीला गणित शिकवते, बरीच वर्षं झाली. आधी हिंदी माध्यमात होते, आता इंग्रजीत आहे. पुढे जे सांगतेय त्यातलं सगळं तुमच्याकडे तसंच्या तसं चालेल असं नाही. तुमच्या शाळेत पेपर झाल्यावर मुलांना उत्तरपत्रिका बघायला बोलावतात का, रिझल्टआधी पालकांशी बोलायची मुभा आहे का, री-टेस्टचा, म्हणजे नापास विषयाच्या पुन्हा परीक्षेचा, नियम काय, दहावीला तुम्हीच वर्गासोबत वर जाणार की दुसऱ्या कुणाकडे वर्ग जाणार, यावर बरंच अवलंबून आहे. यातलं री-टेस्टचं तेवढं को-ऑर्डिनेटरकडून आजच लेखी मागून घ्या. स्टाफरूममध्ये प्रत्येकजण वेगळा नियम सांगतो आणि सगळे अगदी खात्रीनं सांगतात.

आपल्याकडच्या शालेय वर्षाची एक गंमत बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. पुण्या-नाशकाकडची मामे-आतेभावंडं अजून परीक्षेच्या तयारीत असतात, तेव्हा आपली मुलं रिझल्ट घेऊन मोकळी होतात आणि 1 एप्रिलला नव्या वर्गात जाऊन बसलेलीही असतात. एप्रिलभर शाळा, मग उन्हाळ्याची सुट्टी, जूनमध्ये पुन्हा. शिवाय मार्चमध्येच होळी आणि रंगपंचमी. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंग उडतो, शहराला सुट्टी असते, आणि दुसऱ्या दिवशी पेपर असला तर कानामागचा हिरवा रंग तसाच घेऊन मुलं त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं हेरॉनचं सूत्र लिहायला येतात. सांगायचं हे की आपल्या शाळांत वर्ष संपल्याचं कुणाला जाणवतच नाही. नववीच्या रिझल्टची शाई वाळायच्या आत दहावीची पुस्तकं हातात पडतात, आणि ज्यांना इंजिनिअरिंगला जायचंय त्यांच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगच्या फाउंडेशन बॅचाही एप्रिलातच सुरू होतात. मधे श्वास घ्यायला जागा नाही. म्हणून या पंधरा दिवसांतलं काम मी निरोपाचं कमी आणि सोपवण्याचं जास्त मानते. कोणाला काय येतं, कोण नेमका कुठे अडलाय, हे मुलाच्या, पालकांच्या आणि पुढच्या शिक्षकाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. बाकीचं आपोआप होतं.

आता शेरे. तुमच्याकडे बहुधा रिपोर्ट कार्डचं सॉफ्टवेअर असेल आणि त्यात तयार वाक्यांची यादी. 'प्रगती समाधानकारक', 'अधिक मेहनतीची गरज', 'हुशार पण बोलघेवडा'. त्यातलं एक निवडा आणि पुढे चला. रकान्यात पन्नास-साठ अक्षरंच मावत असतील तर तिथे यादीतलं एखादं निरुपद्रवी वाक्य टाकून मोकळ्या व्हा, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. खरा शेरा एका साध्या चिठ्ठीवर हाताने लिहा आणि मुलाला द्या. बेचाळीस चिठ्ठ्या म्हणजे रोज सहा केल्या तर आठवडा.

ही चिठ्ठी रिझल्टच्या आधी द्या, सोबत नको. याला कारण आहे. रूथ बटलर या इस्राएली मानसशास्त्रज्ञ बाईंचा 1988 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शिक्षणशास्त्रात बराच सांगितला जातो. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी अभिप्राय, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त अभिप्राय मिळालेल्या मुलांत. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेली मुलं, नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. हे आपल्यालाही रोज दिसतं. कॉपी, म्हणजे तपासलेली उत्तरपत्रिका, हातात पडली की मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं, आणि लाल शाईत आपण जे घासूनपुसून लिहिलेलं असतं ते कुणी वाचत नाही. आकडा नसलेला कागद मात्र वाचला जातो, कारण त्यात वाचण्यासारखं दुसरं काही नसतं.

चिठ्ठीत काय लिहायचं, तर तीन गोष्टी पुरतात. त्याला काय येतं, तेही तुम्ही स्वतः पाहिलेलं. तो कुठे थांबतो. आणि एप्रिलमध्ये पहिलं काय करायचं. स्वभावाबद्दल एक अक्षर नको. आळशी, चंचल, लक्ष देत नाही, असलं काही लिहिलंत तर ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासमोर वाचलं जातं आणि मुलाला त्याचं पुढे काही करता येत नाही. 'चंचल आहे' यावर तो एप्रिलमध्ये काय करणार?

'कुठे थांबतो' हे लिहायला उत्तरपत्रिका पुन्हा उघडावी लागते, आणि इथे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या त्या गणितातल्या मुलाचं उत्तरही बहुधा इथेच आहे. नववीचा नेहमीचा प्रश्न घ्या: त्रिकोणाच्या बाजू 13, 14 आणि 15 सेंटिमीटर, क्षेत्रफळ काढा. कच्च्या मुलाची कॉपी बघा. सूत्र बरोबर. अर्धपरिमिती 21, बरोबर. वजाबाक्या करून 8, 7 आणि 6, तेही बरोबर. मग तो 21, 8, 7, 6 यांचा सरळ गुणाकार करतो, 7056 काढतो, वर्गमूळाचं चिन्ह काढतो, आणि पेन थांबतं. खाली रिकामी जागा, किंवा चुकीचा एखादा आकडा आणि त्यापुढे चौरस सेंटिमीटर. आपण तीनपैकी दीड देतो आणि 'हेरॉन कच्चं' असं मनाशी धरतो.

हेरॉन अजिबात कच्चं नाही. तो जिथे थांबला ती जागा सहावीतली आहे. 21 म्हणजे तीन साते, 8 म्हणजे तीनदा दोन, 7 तसाच, 6 म्हणजे दोन त्रिक. गुणाकार न करता अवयव पाडले असते तर तीनची एक जोडी, सातची एक जोडी आणि दोनच्या दोन जोड्या समोर दिसल्या असत्या, आणि 84 हे उत्तर तोंडी आलं असतं. अवयव पाडायचे आणि जोड्या लावायच्या, एवढं त्याला कुणी सवयीचं करून दिलं नाही. मग हाच मुलगा बहुपदींत अडतो, करणींत अडतो, आणि तुम्हाला वाटतं सगळंच गणित गेलं. त्याच्या उत्तरपत्रिकेत पेन कुठे कुठे थांबलंय त्या जागांवर पेन्सिलने खुणा करा. बऱ्याचदा सात-आठ खुणांमागे दोनच कारणं निघतात. माझ्याकडे येणाऱ्यांत अवयव आणि अपूर्णांक ही ती दोन असतात, क्वचित वजा चिन्ह.

असं पाहिलं की चिठ्ठी सोपी होते. 'सूत्रं पाठ आहेत, मांडणी स्वच्छ आहे. मोठी संख्या आली की थांबतोस. एप्रिलमध्ये रोज पाच संख्यांचे मूळ अवयव पाड, दोनशेच्या आतल्याच घे.' हे वाचून मुलाला कळतं की मॅडमने आपली कॉपी खरंच बघितलीय. आणि त्याला करायला काहीतरी मिळतं, ट्यूशनशिवाय जमण्यासारखं.

मधल्या वीस-पंचवीस मुलांसाठी दुसरा उपाय. उत्तरपत्रिका दाखवायच्या दिवशी किंवा जो दिवस मिळेल त्या दिवशी त्यांना वीस मिनिटं द्या, कोरा कागद द्या आणि तीन प्रश्न फळ्यावर लिहा. गेल्या एप्रिलमध्ये येत नव्हतं असं आता काय येतं? कोणत्या धड्यापासून समजणं बंद झालं? आणि अडलं की वर्गात कुणाला विचारतोस? भाषेची सक्ती नको. जी मुलं इंग्रजीत दोन ओळी लिहून थांबतात तीच हिंदीत पानभर लिहितात. आपली मराठी मुलं कधी कधी अर्धं हिंदी, अर्धं मराठी लिहितात, तेही चालू द्या. नावं लिहायला सांगा, पण कागद तुम्ही सोडून कुणी वाचणार नाही हे आधी सांगा आणि पाळा.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं बऱ्यापैकी छापील येतात. दुसऱ्याची कामाची असतात, कारण मुलं धड्याचं नाव अगदी अचूक सांगतात. सगळ्यांत जास्त हाती लागतं ते तिसऱ्या प्रश्नातून. एका वर्षी खिडकीच्या रांगेतल्या, कधी हात वर न करणाऱ्या, पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या एका मुलीचं नाव सात-आठ कागदांवर आलं. चौकशी केली तर कळलं, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता ती केमिस्ट्री समजावून सांगते, आणि नेमक्या त्या मुली तिच्याकडे जातात ज्यांना पहिल्या बाकावरच्यांकडे जायची लाज वाटते. हे मला वर्षभर दिसलं नव्हतं, दिसायचं कारणही नव्हतं, मी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये असते. तिच्या चिठ्ठीत हे लिहिलं. पुढच्या पीटीएमला, म्हणजे पालक-शिक्षक भेटीला, तिची आई आली ती मार्कांबद्दल बोलायच्या आधी त्या चिठ्ठीबद्दलच बोलली.

ही काही माझी भन्नाट कल्पना नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतीपुस्तकाची जी कल्पना मांडलीय त्यात शिक्षकांसोबत मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांनी त्याचं केलेलं मूल्यमापनही धरलंय. छापील तक्ते, चौकोन, खुणा असं बरंच त्याभोवती उगवलंय. आपल्या वर्गापुरता वीस मिनिटांचा कागद त्याहून जास्त बोलतो, असं माझं मत.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: शेऱ्यासाठी आधी उत्तरपत्रिका पुन्हा उघडा, मग मुलांकडून तो कागद लिहून घ्या, मग चिठ्ठ्या, आणि चिठ्ठ्या रिझल्टच्या आधी.

आता वडिलांच्या फोनबद्दल. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवायचं नाही, ही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातली मूळ तरतूद. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीत थांबवायची मुभा दिली, आणि मध्य प्रदेशात आता या दोन वर्गांची परीक्षा बोर्डाच्या धर्तीवर होते. तरी खाजगी शाळांतली बहुतेक मुलं नववीपर्यंत नापास हा शब्द स्वतःच्या बाबतीत ऐकत नाहीत. घरच्यांनी तर तो ऐकलेलाच नसतो. म्हणून नववीचा रिझल्ट घरावर फार जोरात आदळतो, आणि तो रिझल्टच्याच दिवशी, सगळ्या पालकांच्या गर्दीत कळला तर त्याहून जोरात. शाळेची परवानगी असेल तर आधी बोलवा. नसेल तर "निकाल सांगता येणार नाही, पण गणिताबद्दल काळजी आहे, भेटायला या" एवढं तरी फोनवर म्हणता येतं.

भेट कशी होते ते सांगते. सराफ्याकडे दुकान असलेले एक वडील, सकाळी दुकान उघडायच्या आधी आले. मुलगा खाली मान घालून शेजारी.

"मॅडम, चार नंबरांचा तर सवाल आहे. करून टाका ना."

"चार नंबर मी दिले तर तो दहावीत बसेल. दहावीत वर्गसमीकरणं आहेत, तिथे अवयवच पाडायचे असतात. तेव्हाचे चार नंबर कोण देणार?"

"तिथे कोचिंग लावू ना आम्ही."

"लावा. पण कोचिंगवाले दहावीचं शिकवतील. याचं अडलंय सहावीचं. ही कॉपी बघा."

आणि मी कॉपी उघडून त्या पेन्सिलच्या खुणा दाखवल्या. वडिलांना गणित येवो न येवो, आठ ठिकाणी मुलगा एकाच पायरीवर थांबलाय हे कुणालाही दिसतं. दुकानदार माणूस, हिशेबाचं चटकन समजलं. तोवर गप्प असलेला मुलगा म्हणाला, "पप्पा, मला तिथूनच कळत नाही." हे त्याने घरी कधी सांगितलं नव्हतं. पुढचं बोलणं नंबरांवर आलं नाही. री-टेस्टपर्यंत काय काय करायचं, दुकानात बसवायचं की नाही, मोबाईल कधी काढून घ्यायचा, यावर आलं.

मुलाला अर्ध्या भेटीसाठी जरूर बसवा, पण सुरुवातीची पाच मिनिटं पालकांना एकटं भेटा. काही वडील मुलासमोर बोलत नाहीत, काही मुलासमोरच जास्त बोलतात. आणि गुण वाढवून द्यायची विनंती आली तर रागावू नका. त्यांना वाटतं हा आपला एकच मार्ग आहे. दुसरा दाखवला की बहुतेकजण तिकडे वळतात. सगळे नाही. एखादे प्रिन्सिपलकडे जातात, मॅनेजमेंटमधल्या ओळखी काढतात. तेव्हा ती उत्तरपत्रिका आणि तुमचं लेखी टिपण हाताशी असू द्या, बस.

री-टेस्टनेही भागलं नाही तर वर्ष पुन्हा करायला लावायचं का? याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. मूल आजारपणामुळे किंवा घरच्या काही कारणाने अर्धं वर्ष शाळेतच नसेल तर पुन्हा नववी केल्याने फायदा होतो, आणि मूलही ते मान्य करतं. वर्षभर हजर असूनही एका विषयात मागे राहिलेल्या मुलाला तेच वर्ष, तीच पुस्तकं, तेच शिक्षक पुन्हा देऊन फारसं काही होत नाही, कारण त्याचं अडलेलं नववीच्या पुस्तकात नसतंच. त्याला महिनाभर मागच्या वर्गांचं गणित हवं असतं. एक गोष्ट मात्र उघड बोलायला हवी. दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवायचा म्हणून नववीतच कच्ची मुलं अडवायची, किंवा पालकांना गोड बोलून दाखला काढायला लावायचा, असं काही ठिकाणी चालतं. तुमच्या त्या दोन मुलांबाबत निर्णय होताना कारण मुलाच्या हिताचं दिलं जातंय की शाळेच्या फ्लेक्सचं, हे तुम्ही ओळखाल. तुमचं मत मीटिंगमध्ये एकदा तरी स्पष्ट मांडा. नव्या टीचरचं ऐकतात का? कधी कधी ऐकतात, विशेषतः तिच्या हातात खुणा केलेली कॉपी असेल तर.

मार्करचं राहिलं. बारावीची मुलं शेवटच्या दिवशी एकमेकांच्या शर्टांवर सह्या करतात, ती लागण आता नववीपर्यंत उतरलीय. दहावीला सेक्शन बदलतात, त्यामुळे मुलांना हा खरोखरच ताटातुटीचा दिवस वाटतो. तोच शर्ट 1 एप्रिलला पुन्हा घालायचाय हे मात्र संध्याकाळी घरी आई सांगते. बंदी घालण्यात हशील नाही, मुलं गेटबाहेर जाऊन करतात. मी एवढंच पाहते की प्रत्येक वर्गात दोन-तीन शर्ट पांढरेच राहतात. ती मुलं घाईघाईने दप्तर भरायला लागतात, किंवा "माझी आई रागावेल" म्हणून सांगतात. त्यांच्याकडे कुणी जात नाही, आणि 'याच्याही शर्टावर सही करा रे' असं टीचरने म्हणणं हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय. त्याऐवजी सकाळी पहिल्याच तासाला तुम्ही स्वतः मार्कर घ्या आणि हजेरीच्या क्रमाने सगळ्यांच्या डायरीवर सही करत फिरा, प्रत्येकाजवळ एक वाक्य बोला. डायरी बाकावर उघडी राहते. मग शेजारचा लिहितो, मागचा लिहितो. शर्टापेक्षा डायरीवर लिहायला मुलांना मोठं मैत्र लागत नाही, शेजारपण पुरतं. आयाही खूश. तुम्हाला शेवटच्या दिवशी काय बोलू हा जो प्रश्न पडलाय, तो बेचाळीस छोट्या वाक्यांत आपोआप सुटतो. काय बोलायचं ते चिठ्ठ्या लिहिताना तुम्हाला सापडलेलंच असेल.

भेटवस्तूंचं एका ओळीत: फुलं, ग्रीटिंग घ्या, बाकीचं हसून परत करा. रिझल्टच्या आधी आलेली मिठाईसुद्धा.

शेवटचं काम, आणि हे बहुतेक जण करत नाहीत: दहावीच्या क्लास टीचरसाठी एक पान. वर्ग तुमच्याकडेच राहणार असेल तरी लिहा, मेच्या सुट्टीनंतर आपल्यालाही आठवत नाही. कोणाला फळा नीट दिसत नाही आणि चष्मा दप्तरातच असतो. कोण कुणाशेजारी बसलं की दोघंही काम करतात. कोण तोंडी छान सांगतो पण लिहिताना मागे पडतो. कोणाला दम्यासाठी पंप लागतो. अशा ओळी. नववीत सीबीएसईकडे नोंदवलेली नावं, आईवडिलांची नावं आणि जन्मतारीखच पुढे दहावीच्या मार्कशीटवर छापली जाते, तेव्हा कुणाचं स्पेलिंग शंकास्पद असेल तर तेही. आपल्या मराठी घरांत वडिलांचं नाव मधे लावायचं की नाही यावरून दोन कागदपत्रांत दोन नावं निघतात, आणि ते कळतं थेट अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी.

त्या पानावर काय नको, तेही सांगते. घरातली भांडणं, आईवडिलांचं वेगळं राहणं, पैशाची अडचण हे कागदावर नको. गरजेचं असेल तेवढंच तोंडी, ज्याला सांगायचं त्यालाच. आणि कुणाच्या चोरीचा, परीक्षेतल्या नकलेचा किंवा मारामारीचा जुना हिशेब तर अजिबात नको. नव्या सेक्शनमध्ये मुलाला नवी पाटी मिळते, एवढा एक फायदा असतो सेक्शन बदलण्याचा, तो आपण काढून घेऊ नये. स्टाफरूममध्ये चहा पिताना "अरे तो तुझ्याकडे आला का, सांभाळून हं" असं जे म्हटलं जातं, त्याने मुलांचं जेवढं नुकसान होतं तेवढं नापास होण्यानेही होत नसेल.

तुमच्या निसटल्यासारखं वाटण्याबद्दल फार काही सांगत नाही. ते थोडंबहुत दरवर्षी वाटतं, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवी नावं पाठ करताना मागे पडतं. पुढच्या वर्षासाठी एक करा: 1 एप्रिललाच दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला दोन पानं, आणि आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हणा, फक्त पाच मुलांबद्दल एकेक ओळ लिहा. ठरवून मधल्या मुलांपासून सुरुवात करा. सप्टेंबरअखेरपर्यंत सगळा वर्ग जवळजवळ दोनदा फिरून होतो, आणि मार्चमध्ये शेऱ्यांसाठी कपाळाला हात लावावा लागत नाही.

आता तुमची ती मुलगी, गणित आणि विज्ञान दोन्हींत अडकणारी. तिच्याबद्दल मी मुद्दाम वेगळं काही लिहिलं नाही, कारण दोन विषयांत एकदम मागे पडणं हे कधी कधी गणिताचं असतं आणि कधी कधी वाचनाचं. तिच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत बघा: गणितं सोडलीत आणि वर्णनाचे प्रश्न लिहिलेत, की उलट? वर्णनाचे प्रश्नच कोरे असतील तर तिला प्रश्नाची इंग्रजीच कळत नसण्याची शक्यता मोठी, आणि मग उपाय पूर्ण वेगळा. दोन-तीन पानांत पेन कुठे थांबलंय तेवढं बघून सांगितलंत, तिचं नाव न लिहिता, तर तिच्यासाठी री-टेस्टपर्यंतचं वेळापत्रक आपण मिळून बसवू.